भिंतीवरचे चित्र कोणासाठी?

नव्या घरात राहायला गेले की कपाटे लागतात, पडदे लागतात, देवघर मांडून होते आणि हॉलमधली सोफ्यामागची मोठी भिंत मात्र कोरी राहते. येणारा प्रत्येकजण म्हणतो, "इथे एखादे छानसे पेंटिंग लावा." दुकानात गेलो, तर तिथला माणूस आधी सोफ्याची लांबी विचारतो, मग भिंतीचा रंग विचारतो. चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश असावी, असे तो सांगतो आणि ते बरोबरच असते. कॅनव्हासवर छापलेली चित्रे आता हव्या त्या मापात मिळतात. धावणारे सात घोडे, पाण्यातली कमळे, बासरी आणि मोरपीस, डोळे मिटलेल्या बुद्धाचा नुसता चेहरा, किंवा कसलाच आकार नसलेले रंगांचे फटकारे. यातले कोणते घ्यायचे?

हा तर सजावटीचा प्रश्न, यात अध्यात्माचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. छांदोग्य उपनिषदात आहाराच्या शुद्धीने अंतःकरण शुद्ध होते, असा विचार आला आहे. रामानुजाचार्यांनी तिथे आहार म्हणजे अन्न असा सरळ अर्थ घेतला. शंकराचार्यांनी मात्र अर्थ विस्तारला; इंद्रियांनी आपण जे जे आत ओढून घेतो ते सगळेच आहार, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही अर्थ आपल्या परंपरेने जपून ठेवले आहेत. पण व्यवहारात आपण पहिल्याच अर्थावर थांबतो. ताटात काय येते याकडे आपले बारीक लक्ष असते, आणि जी भिंत रोज दहा वेळा डोळ्यांसमोर येते तिच्यावर काय असावे हे मात्र सोफ्याच्या कापडावरून ठरते.

यात एक अडचण आहे, ती आधीच मान्य करू या. ताटातले अन्न आपल्याला रोज जाणवते, भिंतीवरचे चित्र काही दिवसांनी दिसेनासे होते. तुमच्या हॉलमधल्या चित्रात किती माणसे आहेत, असे अचानक कोणी विचारले तर आपल्यापैकी कित्येकांना सांगता येणार नाही. मग जे दिसतच नाही त्याचा परिणाम काय होणार? मला वाटते, परिणाम होतो, पण तो चित्रातून निघणाऱ्या कुठल्या लहरींचा नसतो. आजारपणात, रात्री झोप येत नसताना, भांडण झाल्यावर कुणाशी बोलायचे नसते तेव्हा नजर पुन्हा त्या भिंतीवर जाऊन टेकते. म्हणजे चित्राची खरी परीक्षा पाहुण्यांसमोर होत नाही, अशा वेळी होते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासून रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. काहींच्या खाटेजवळच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून समोरची विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. यावरून झाडाचे चित्र लावले की दुखणे बरे होते, असा निष्कर्ष काढायचा नाही. ती खिडकी होती, चित्र नव्हते. पण अंथरुणावर पडलेल्या माणसाला समोर काय दिसते ही गोष्ट क्षुल्लक नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आपल्याकडे याचा विचार फार पूर्वी झाला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात 'चित्रसूत्र' म्हणून ओळखला जाणारा भाग आहे. वज्र राजा प्रश्न विचारतो आणि मार्कंडेय ऋषी उत्तर देतात. राजाला मूर्तिकला शिकायची असते. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्रकला कळली पाहिजे; चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. ही साखळी पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच भागात पुढे घरगुती उपयोगाचा एक नियम आहे, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत या तीनच रसांची चित्रे असावीत, असे तिथे सांगितले आहे. युद्ध, स्मशान, मरण, दुःखाने पिचलेली माणसे हे घरात रंगवू नये. देवालयाला आणि राजसभेला मात्र ही बंदी नाही. तिथे सगळे रस चालतात.

पहिल्यांदा ऐकताना हा नियम थोडा गुळगुळीत वाटतो. घरात सगळे गोडगोड असावे, जगातले दुःख उंबरठ्याबाहेर ठेवावे, असा त्याचा अर्थ आहे का? तसे असते तर देवालयातही तीच बंदी असायला हवी होती. मला त्यामागे वेगळी दृष्टी दिसते. देवळात आपण ठरवून जातो. मनाची तयारी करून जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. तिथे महिषासुराचा वध पाहताना भीती वाटली, तरी ती भीती आपण आपणहून पत्करलेली असते. घरात मात्र अशी माणसे असतात ज्यांनी काहीच निवडलेले नसते. रात्री दचकून उठलेले मूल, ताप आलेली आजी, चार दिवसांसाठी आलेला आणि मनाने खचलेला मेव्हणा. त्यांना ती भिंत टाळता येत नाही. म्हणून घरातल्या चित्राने त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. चित्रसूत्राचा नियम हा आवडीनिवडीचा नियम नसून अहिंसेचा नियम आहे, असे म्हटले तरी चालेल.

अर्थात नियम पोलिसासारखा राबवायचा नसतो. वीररस त्या यादीत नाही, म्हणून मराठी घरातले शिवरायांचे अश्वारूढ चित्र खाली उतरवा, असे मी कोणाला सांगणार नाही. ते चित्र पाहून घरातले मूल घाबरत नाही, ताठ बसते.

आणि ज्यांनी स्वतः निवड केली आहे त्यांचे काय? अजिंठ्याचे विहार ही भिक्षूंची राहण्याची जागा. तिथल्या भिंतींवर राजवैभव आहे, स्त्रियांचे सौंदर्य आहे, हत्ती आहेत, हंस आहेत. पण पहिल्या लेण्यात राज्य सोडून निघालेला महाजनकही आहे, सोळाव्यात नवरा भिक्षू झाल्याचे कळून कोसळलेली सुंदरी आहे, आणि सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्र आहे. जे सोडून आलो ते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, तेही त्या भिंतींवर आहे. गृहस्थाच्या घरात जे नको, तेच तिथे मुद्दाम समोर ठेवले आहे.

इटलीत फ्लॉरेन्सला सान मार्को नावाचा मठ आहे. 1440 च्या आसपास फ्रा अँजेलिको या चित्रकाराने, जो स्वतः त्याच संघाचा साधू होता, आपल्या साहाय्यकांसह तिथे साधूंच्या प्रत्येक खोलीत एकेक भित्तिचित्र काढले. खोल्या अगदी लहान. एक खिडकी, तिच्या बाजूला एक चित्र, बस. रंग मोजके, आकृती थोड्या. ते चित्र पाहणारा माणूस एकच, त्या खोलीत राहणारा. मठाच्या बांधकामाला ज्याने पैसा पुरवला त्या कोसिमो दे मेदिची या सावकारासाठीही तिथे जोडखोली राखून ठेवली होती. तिच्यात चित्र कोणते असावे? बाल येशूपुढे भेटी घेऊन आलेल्या राजांचे. इतर खोल्यांच्या मानाने ते मोठे, गर्दीचे आणि श्रीमंती रंगांचे आहे. राजांनाही शेवटी एका तान्ह्या मुलापुढे वाकावे लागते याची ती आठवण होती, की आपणही त्या राजांच्या रांगेतले, हा लपवलेला अभिमान? चित्र दोन्ही अर्थांना जागा देते. खोलीत एकटा बसल्यावर कोसिमोने कोणता अर्थ घेतला, हे त्याचे त्याला ठाऊक.

आपल्याकडच्या कापडी चित्रांकडे येऊ. कॅनव्हास म्हटले की ते परदेशातून आले असे वाटते, पण कापडावर चित्र काढून ते टांगणे आपल्याला नवे नाही. राजस्थानात पाबूजींची फड आहे. लांबलचक कापड, भोपा ते रात्री उलगडतो, गातो आणि गुंडाळून ठेवतो. ओडिशात पटचित्र आहे. आणि नाथद्वाऱ्याला पिछवाई आहे. आज शहरांतल्या दिवाणखान्यांत जे कॅनव्हास सर्वांत जास्त दिसू लागले आहेत त्यांत पिछवाईच्या नकला वरच्या क्रमांकावर असतील. गडद पार्श्वभूमी, त्यावर गुलाबी कमळे आणि पांढऱ्या गाई. दिसते देखणे, यात शंकाच नाही.

पिछवाई म्हणजे मागे टांगायचे कापड. श्रीनाथजी गोवर्धनहून मेवाडात आले आणि 1672 मध्ये नाथद्वाऱ्याच्या हवेलीत विराजमान झाले. पुष्टिमार्गात त्या जागेला मंदिर म्हणण्यापेक्षा हवेली म्हणतात, कारण ते ठाकुरजींचे घर मानले जाते. मंगलापासून शयनापर्यंत दिवसातून आठ दर्शने होतात. ऋतूप्रमाणे आणि उत्सवाप्रमाणे पोशाख बदलतो, नैवेद्य बदलतो, कीर्तनातले राग बदलतात आणि मागची पिछवाईही बदलते. उन्हाळ्यात कमळांची, म्हणजे डोळ्यांना गारवा देणारी. पावसाळ्यात ढगांची. शरद पौर्णिमेला रासाची, गोपाष्टमीला गाईंची, अन्नकूटाची वेगळी. खोलीला साजेल असे चित्र निवडणे ही कला इतक्या प्रेमाने जगात फार थोड्या ठिकाणी जोपासली गेली असेल. पण तिथे प्रश्न 'मला काय शोभेल' असा नसतो. आज त्यांना उकडत असेल का, आज त्यांना काय पाहायला आवडेल, असा असतो.

आता आपल्या हॉलमध्ये काय होते ते पाहा. तीच कमळे, त्याच गाई. मधले श्रीनाथजी मात्र काढून टाकलेले, कारण देव असला की चित्र 'देवाचे' होते आणि मग हॉलमध्ये जुळत नाही. आणि ते टांगले जाते सोफ्यामागे. पिछवाईसमोर ज्या जागी ठाकुरजी उभे असायचे, त्या जागी पाय पसरून आपण बसतो. यात पाप आहे, असे मी म्हणत नाही. लावणाऱ्याच्या मनातही तसे काही नसते. पण कोणाची पाठराखण करण्यासाठी ते कापड होते, हे कळल्यानंतर ते पूर्वीसारखे नुसते देखणे राहत नाही. कळल्यावर काय करावे? मला विचाराल, तर चित्र उतरवायची गरज नाही. समोरच्या भिंतीवर घ्या, म्हणजे निदान आपण त्याच्याकडे पाठ करून बसणार नाही. जमल्यास नाथद्वाऱ्याच्या एखाद्या चितेऱ्याकडून, लहान का होईना, हाताने काढलेली घ्या. छापील मोठ्या कॅनव्हासच्या किमतीत ती बसेलच असे नाही. मग लहानच घ्या.

छापील चित्रांविषयी माझ्या मनात आकस नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभर पोचल्या, आणि ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडू दिला जात नव्हता त्यांच्याही भिंतीवर देव आला. बायका त्या चित्रांतल्या साड्यांवर खरी जर आणि टिकल्या लावत. छापील कागद हाताच्या श्रमाने पुन्हा एकमेव होत असे. छापील असणे हा दोष नाही. दोष असेल तर तो लपवाछपवीत आहे. कॅनव्हासच्या विणीवर शाई फवारली की लांबून तैलचित्राचा भास होतो, आणि पाहुण्याने "ओरिजिनल का?" असे विचारल्यावर आपण नुसते हसतो. सत्याचे व्रत घेतलेल्या माणसाला एवढे तरी म्हणता यावे, "नाही हो, छापलेले आहे." वारलीचेही तसेच. लग्नघरात सुवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला देवचौक वेगळा, आणि कारखान्यात छापलेली नाचणाऱ्या आकृत्यांची पट्टी वेगळी. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर, कापडावर आणून जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा भिंत सोडून कॅनव्हासवर येण्यात काही वावगे नाही. चित्र घेताना फक्त एवढे विचारावे, हे कोणी काढले? दुकानदाराला सांगता आले नाही, तर त्या माणसापर्यंत काही पोचले नसणार, असे समजायला हरकत नाही.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, कारण भिंत एकट्याची नसते.

बंगळुरूला स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात घडलेली गोष्ट सत्संगाच्या निमित्ताने कानावर आली. वडील गेल्यावर आई मिरजेहून मुलाकडे कायमची राहायला आली. सोबत एक ट्रंक. तिच्यात पंढरपूरहून आणलेली विठ्ठल-रखुमाईची तसबीर, वडिलांचा सेवानिवृत्तीच्या दिवशीचा फोटो आणि काचेत बसवलेले मण्यांचे दोन राजहंस. इकडे मुलाच्या हॉलमध्ये फिकट राखाडी भिंतीवर एकच मोठे कॅनव्हास, निळ्या आणि मातकट रंगांचे, अमूर्त. सुनेने ते खूप शोधून, पैसे साठवून एका तरुण चित्रकाराकडून घेतले होते. ती उथळ मुलगी नव्हती. ऑफिसातून थकून आल्यावर त्या निळ्या रंगाकडे पाहत पाच मिनिटे बसणे, हीच तिची दिवसातली शांत वेळ होती. आई म्हणाली, "तुमचे घर आहे, तुम्हाला हवे तसे ठेवा." मुलाला वाटले, प्रश्न मिटला. तसबिरी पलंगाखाली गेल्या.

इथे बरोबर कोण? घर ज्याच्या नावावर त्याची भिंत, असे कायदा म्हणेल. ज्येष्ठांचा मान आधी, असे आपले संस्कार म्हणतील. दोन्ही उत्तरांत एक माणूस जिंकतो आणि दुसरा गप्प बसतो.

याच जागी अलवरची प्रसिद्ध कथा आठवते. 1891 मध्ये परिव्राजक अवस्थेत फिरत असताना स्वामी विवेकानंद अलवरच्या दरबारात गेले. महाराज मंगलसिंहांनी मूर्तिपूजेवरची आपली अश्रद्धा बोलून दाखवली. भिंतीवर महाराजांचेच चित्र होते. स्वामीजींनी ते खाली काढायला लावले आणि दिवाणांना त्यावर थुंकायला सांगितले. दरबार थिजला. कोणाचे धाडस झाले नाही. चित्रात महाराज नव्हते, कागद आणि रंग होते. तरीही त्यात महाराज होते. ही कथा आपण मूर्तिपूजेच्या समर्थनासाठी सांगतो. पण तिची धार आपल्याकडेही वळते. चित्र म्हणजे नुसता कागद नसेल, तर पलंगाखाली सरकवलेल्या फोटोचे काय? "आई, त्यात काय एवढे, फोटोच तर आहे," हे वाक्य आपल्या घरात कितीदा उच्चारले जाते!

मला सुचलेली कसोटी साधी आहे. त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ कोण बसते? पाहुणे आठवड्यातून तासभर येतात. मुलगा-सून सकाळी जातात, रात्री येतात. आई दिवसाचे आठ-नऊ तास हॉलमध्ये असते. भाजी तिथेच निवडते, पोथी तिथेच वाचते, नातवाची वाट तिथेच पाहते. मग त्या भिंतीवरचा पहिला हक्क तिचा नाही का? "तुमच्या खोलीत लावा की," हे उत्तर वरवर उदार वाटते. पण त्या खोलीत ती फक्त झोपते.

त्या घरात पुढे झाले ते मात्र माझ्या कसोटीनेही सुचले नसते. काही महिन्यांनी सुनेनेच विषय काढला. "आई, त्यातले तुम्हाला कशाची आठवण येते सगळ्यात जास्त?" मुलाची खात्री होती, बाबांचा फोटो. आई म्हणाली, "त्यांचा फोटो माझ्या खोलीतच बरा. सगळ्यांसमोर हार घालून बसवलेले त्यांना आवडले नसते. विठोबा देवघरात जाईल. ते राजहंस तेवढे बाहेर लाव, जमलं तर. अगं, लग्नाआधी केलेत मी ते." हे राजहंस म्हणजे तिच्या आयुष्यातली अशी एक वस्तू होती, जी कोणाची बायको किंवा आई म्हणून तिच्याकडे आलेली नव्हती. घरात कोणालाही हे माहीत नव्हते. निळ्या कॅनव्हासच्या शेजारी मण्यांचे राजहंस लागले. जुळत अजिबात नाहीत. सजावट करणाऱ्याने पाहिले तर तो कपाळाला हात लावेल.

मग सरळ कोरीच भिंत ठेवली तर? साधकाला हा मोह होतो, आणि त्याला मोठे पाठबळही आहे. 1924 मध्ये शांतिनिकेतनचा एक विद्यार्थी, जी. रामचंद्रन, गांधीजींना कलेविषयी प्रश्न विचारायला गेला होता. गांधीजींच्या बोलण्याचा आशय असा होता, की माझ्या खोलीच्या भिंती रिकाम्या असल्या तरी माझे अडत नाही. छप्परही नसले तरी चालेल, वर ताऱ्यांनी भरलेले आकाश तर आहे. ज्याला आकाश पुरते त्याला कॅनव्हासची काय गरज? पण वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेलात, तर बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने मातीनेच उठवलेली ताडाची झाडे, ॐ आणि चरखा पाहायला मिळतो. बापूंनी ते पुसायला लावले नाही. ती कुटी आधी मीराबेनची होती, तिच्या हातांनी त्या भिंतीवर लिहिले होते. स्वतःसाठी कोरी भिंत पुरेशी असणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या हाताने प्रेमाने उमटवलेले पुसून टाकणे वेगळे. घरातल्या इतरांना विचारल्याशिवाय वैराग्याच्या नावाखाली भिंती रिकाम्या करणे, हीसुद्धा एक सत्ताच असते.

काही व्यावहारिक गोष्टी, कारण त्यांतही विचार आहे. चित्रदालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर ठेवतात. उभ्या माणसाच्या नजरेचा तो हिशेब. आपल्या घरात आपण ध्यानाला, जेवायला, सत्संगाला खाली बसतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतात. जिथे खाली बसायचे त्या खोलीत चित्र खाली आणा. मान वर करून पाहावे लागणारे चित्र महिन्यात विसरले जाते. ध्यानाच्या खोलीत एकच असू द्या, किंवा एकही नको. अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, तर चित्र उशामागच्या भिंतीवर लावून उपयोग नाही, तिथे ते फक्त भेटायला आलेल्यांना दिसते. पायथ्याकडच्या भिंतीवर लावा, आणि रुग्णाच्या उशीवर स्वतः डोके टेकून एकदा पाहा. थेट ऊन पडते तिथे जलरंगातले किंवा कागदावरचे काही लावू नये; संग्रहालयात अशा चित्रांना 50 लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद प्रकाश देतात, तैलचित्राला 200 पर्यंत चालतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत बाहेरच्या बाजूच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. कॅनव्हास शेवटी कापडच. मागून बुरशी धरते आणि ढिले पडते. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते. नव्या घरात तर एक पावसाळा जाऊ द्यावा, मगच मोठा खिळा ठोकावा.

चित्र बदलत राहावे का? जपानी घरात तोकोनोमा नावाचा एक कोनाडा असतो. त्यात एकच गुंडाळीचे चित्र टांगतात आणि ऋतू बदलला, पाहुणा बदलला की ते उतरवून दुसरे लावतात. आपल्या पिछवाईची आणि रोज सकाळी काढून दुसऱ्या दिवशी पुसल्या जाणाऱ्या रांगोळीची ही सख्खी बहीणच. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या साफसफाईत, भिंतीवरचे उतरवून पुसावे आणि घरातल्या सगळ्यांना विचारावे, पुन्हा हेच लावायचे का? बहुतेक वेळा तेच लागेल. पण विचारले गेलेले असेल, आणि उतरवताना प्रत्येकाने ते पुन्हा एकदा नीट पाहिलेले असेल.

घरात लहान मूल असेल तर त्याचे चित्र सहसा फ्रीजच्या दारावर चुंबकाने लटकते, आणि तेही आपल्या सोयीच्या उंचीवर. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतात. हॉलच्या भिंतीवर त्या उंचीला एक रिकामी चौकट ठोकून ठेवली, मागून सहज उघडणारी, तर आठवड्याचे चित्र कोणते लावायचे ते मूल स्वतः ठरवू शकते. राक्षस काढला तर राक्षस. चित्रसूत्राला ते चालणार नाही. पण तो राक्षस त्याने स्वतः काढलेला असतो, त्यामुळे रात्री त्याला त्याची भीती वाटत नाही.